पहिलं न्यायालय

कायद्याच्या वर्गात तेन हावे सरांनी फळ्याकडे न बघता, खिडकीतून खालच्या कालव्याकडे बघत, नेहमीच्या कोरड्या आवाजात उदाहरण सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला रेन्स्केचं पेन थांबलं. एक मुलगी आहे, ते म्हणाले, सहा-सात वर्षांची. आई इथली, बाप दक्षिणेकडचा. लग्न शाबूत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाप मुलीला घेऊन आपल्या आईवडलांकडे गेला, बायकोला सांगून-सवरून. सुट्टी संपली, पण बापाचं तिथे काम निघालं. मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं, तेही आईला विचारून. कुणी कुणाशी भांडलेलं नाही. आता पानं गळायला लागली आहेत. तर सांगा, या मुलीचं घर कुठे? आणि उद्या आईबापांचं बिनसलं, तर मुलीनं कुणाकडे राहायचं याचा निवाडा कोणत्या देशाचं न्यायालय करणार? वर्गातली सगळी पोरं विशीतली. त्यांना मुलगी म्हणजे परीक्षेतला प्रश्न. छत्तिशी उलटलेली, दुधाचे दात पडत असलेली लेक असणारी रेन्स्के एकटीच. पुढच्या बाकावरच्या एका ग्रीक मुलानं हात वर केला आणि परवानगीची वाट न बघता म्हणाला, "यात अवघड काय आहे सर? मुलगी तिकडे रुळली. आई झोपली होती." वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "झोपली होती हा शब्द कायद्यात नाही. पण न्यायाधीशाच्या मनात तो असतोच." आणि ते पुढच्या मुद्द्याकडे वळले.

त्यानंतर तिनं काय ऐकलं देव जाणे. मनाला ती समजावत होती की अगं, हे सरांचं दरवर्षीचं उदाहरण असणार. एका देशातली आई, दुसऱ्या देशातला बाप आणि मधे ओढाताण होणारं पोर, अशी कुटुंबं युरोपभर पायलीची पन्नास. म्हणून तर हा विषय शिकवावा लागतो. आपला नवरा, दुआर्ते, तसला माणूस नाही. हे ती पहिल्यांदा मनाशी म्हणाली तेव्हा तिला बरं वाटलं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा लक्षात आलं की आपण हे मनातल्या मनात कुणा न्यायाधीशासमोर उभं राहून म्हणतोय आणि तो विचारतोय, कशावरून? लायडनहून हेगला येईपर्यंत आणि स्टेशनवरून सायकल काढून समुद्राच्या दिशेनं निघेपर्यंत तो 'कशावरून' काही तिच्या डोक्यातून गेला नाही. वारा समोरून येत होता, सायकल पुढे सरकत नव्हती, आणि ती पायडल मारत आठवत होती की आपण नेमकं काय केलं. जुलैत सासरे पोर्तुगालात, विला दो कोंदच्या धक्क्यावर, होडीच्या मचाणावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा लाकडी होड्यांचा कारखाना, हातात एक अर्धवट होडी, आणि दुआर्ते एकुलता एक मुलगा. तो स्वतः इथे स्खेवेनिंगनच्या बंदरात होड्याच दुरुस्त करायचा, म्हणजे कारागीर शोधायला दूर जायला नको. लेकीला, मारीटला, तो सुट्टीला घेऊन गेलाच होता. मग ऑगस्टच्या शेवटी त्यानं फोन केला, होडी पुरी झाल्याशिवाय निघता येत नाही, मारीटला इथल्या शाळेत बसवू का तोवर? आणि रेन्स्केनं काय करावं? तिनं टुणकन उडी मारली. राहू दे की नाताळपर्यंत, तिनं मेसेज केला, उलट बरंच झालं, मला अभ्यासाला वेळ मिळेल, तिला आजीचा लळा आहेच. वर लाल बदाम टाकले, एक सोडून चार. आंतरराष्ट्रीय खाजगी कायदा शिकणाऱ्या बाईनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेली संमती! दुसऱ्या कुणी बाईनं असं लिहिलं असतं तर ती साधी भोळी म्हणून सुटली असती. हिनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर त्याला बदाम चिकटवले होते.

घरी आल्यावर तिनं कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून पुस्तक उघडलं. जे तिला पाठ होतं तेच पुन्हा वाचलं, कारण आता ते निराळं दिसत होतं. दावा ज्या घटकेला दाखल होतो त्या घटकेला मूल कुठे रुजलेलं आहे, ते बघायचं. शाळा कुठे, मित्रमैत्रिणी कुठे, कोणती भाषा तोंडात बसली आहे, डॉक्टर कुठला, आजीआजोबा कुठे. म्हणजे काही न करता नुसते दिवस गेले तरी ते एका बाजूच्या पारड्यात पडत होते. आणि दुसरा नियम तर आणखी धडधडीत. नवरा-बायकोनं दोन देशांत दोन दावे लावले, तर ज्या न्यायालयात आधी दाखल झाला तेच पुढे बघणार. दुसऱ्यानं हात बांधून थांबायचं, पहिल्याचं चुकलंय असं वाटलं तरी. हा नियम पाठ करताना गेल्या वसंतात या टेबलाशी किती हसाहशी झाली होती. प्रश्नोत्तरांची कार्डं तिनं केली होती, आणि रोज जेवणानंतर दुआर्ते तिची परीक्षा घ्यायचा. नखांत वॉर्निश, अंगाला देवदाराचा वास, चष्मा कपाळावर चढवलेला. कार्ड दिव्याशी धरून तो आपल्या पोर्तुगीज हेलात मोठ्यानं वाचायचा आणि मारीट मांडीवर बसून, आई चुकली की टाळ्या पिटायची. पहिल्या न्यायालयाचं कार्ड वाचून तो म्हणाला होता, "म्हणजे बीचवरच्या जर्मन लोकांसारखंच की गं. पहाटे उठून खुर्चीवर टॉवेल टाकायचा, मग दिवसभर कुणाची हिंमत नाही." तिला हसता हसता ठसका लागला होता. परीक्षेत तिनं तो प्रश्न सोडवला तोही टॉवेल डोळ्यांपुढे आणूनच. आज तीच आठवण काढताना तिला हसू आलं नाही. कार्डं तिनं वाचली होती, तशी त्यानंही वाचली होती. तिच्याएवढीच. कदाचित जास्तच, कारण प्रश्नही तोच विचारायचा आणि उत्तर बरोबर की चूक तेही तोच ठरवायचा.

रोजच्यासारखा संध्याकाळी त्याचा फोन आला. तिकडे घड्याळ एक तास मागे, त्यामुळे इथे जेवण आटोपलेलं असायचं आणि तिकडे अजून उजेड. रेन्स्केनं ठरवलं होतं की काही विचारायचं नाही. विचारणं म्हणजे सावध करणं. त्याच्या मनात काही नसलं तर प्रश्न लागेल, आणि असलं तर तो उद्या सकाळीच वकील गाठेल. पण जीभ कुठे ऐकते? नाताळाआधीच्या सिंटरक्लासच्या सणाला याल ना, तिनं वरवर विचारलं, मारीटला भेटवस्तूंसाठी बूट मांडून ठेवायला हवेत. दुआर्ते म्हणाला, "बघू." मग वडलांच्या खुब्याचं सांगितलं, लाकूड ओलं निघालं ते सांगितलं, आणि मग म्हणाला, "रुळली हं इथे मारीट. शाळेत दोन मैत्रिणी झाल्यात. भाषा तर इतकी बोलते की आई म्हणते ही इथलीच. आणि कान दुखत होता ना, म्हणून इथल्याच डॉक्टरांकडे नाव घातलंय." रेन्स्के हूं हूं करत होती आणि बोटांवर मोजत होती. शाळा, मैत्रिणी, भाषा, आजी, डॉक्टर. यादी पुरी झाली होती. कुठला बाप आपल्या लेकीबद्दल असं बोलतो? बाप म्हणतो पोरीनं आज खाल्लं नाही, पोरगी झोपत नाही, पोरीनं शेंबूड पुसला पडद्याला. पण मग तिला असंही वाटलं, की बायकोला बरं वाटावं म्हणून माणूस अशाच गोष्टी सांगणार ना? काळजी करू नकोस, छान चाललंय तिचं, याला पुरावा म्हणायचं? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. फोन ठेवल्यावर तिला आठवत राहिलं ते यातलं काहीच नाही, ते एकच 'बघू'. अकरा वर्षांच्या संसारात त्यानं ज्याला ज्याला बघू म्हटलं होतं, त्यातलं काहीएक कधी झालेलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस तिचे तिलाच आठवत नाहीत असे गेले. भीती ही काही एकदाच येऊन जाणारी गोष्ट नाही. ती घरात राहायला येते, आपल्या खुर्चीवर बसते. रेन्स्के खोल्याखोल्यांतून हिंडायची आणि जे दिसेल ते मोजमापाच्या नजरेनं बघायची. मारीटची छोटी सायकल दारात होती, ही आपल्या बाजूची. तिचं पोहण्याचं शिक्षण अर्धं राहिलं होतं, पहिला दाखला अजून मिळायचा होता, हेही आपल्या बाजूचं. पण बूट? बूट छोटे झाले असतील. भिंतीवर पेन्सिलीनं उंचीच्या रेघा मारल्या होत्या, त्यातली शेवटची जूनची. एक दिवस तिनं मोबाइल काढून मुलीच्या पलंगाचा फोटो घेतला. उशी नीट केली, भुसा भरलेला सील मासा जरा पुढे ठेवला आणि आणखी एक घेतला. मग तिला काय झालं कुणास ठाऊक, ती त्या पलंगावर मटकन बसली आणि रडली. आपली मुलगी आठवून रडली असती तर बरं, ती स्वतःची शिसारी येऊन रडली. लेकीच्या पलंगाचा फोटो आईनं घ्यावा तो तिची आठवण येते म्हणून, आणि इथे आपण कुणाला तरी दाखवायला खोली सजवतोय. तरी तिनं तो फोटो पुसला नाही. तिची आई ग्रोनिंगनहून फोन करायची. शेतावरची सरळसोट बाई, तिनं एकदा सुनावलंही, की तुला एवढी धाकधूक आहे तर गाडीत बस आणि जाऊन घेऊन ये पोरीला, कायदा काय चाटायचाय? रेन्स्के म्हणाली, आई, तसं नसतं. तिनं न विचारता मुलीला तिथून उचललं, तर पळवून नेल्याचा आळ तिच्यावरच यायचा. आई म्हणाली, "आपल्याच पोरीला पळवतं होय कुणी?" आईच्या दृष्टीनं पोरगी म्हणजे पोरगी. तिचं घर कोणतं हे ठरवायला युरोपातल्या सगळ्या देशांनी मिळून कायदा केलाय, हे तिला कुणी पटवावं?

सगळ्यात वाईट हे की तो वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर तिला भीती वाटली असती पण असा संभ्रम नसता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात इथल्या काळोखानं तो इतका खचला होता, की दुपारी चारला दिवे लागले की अंथरुणात शिरायचा. तरी तो राहिला. तिच्यासाठी राहिला. एकदा वाळूच्या टेकड्यांवर फिरताना तो म्हणाला होता की मला इथलं सगळं आवडतं, फक्त मी इथला नाही. ती तेव्हा लाडात आली होती, त्याचा दंड धरून म्हणाली होती, होशील. आता तिला वाटत होतं, तो आपल्या गावी, आपल्या भाषेत, हातात रंधा घेऊन, मांडीला मांडी लावून बसलेल्या लेकीसह सुखात असेल, तर परत यावं असं त्याला का वाटावं? त्यानं कटच करायला हवा असं थोडंच आहे? माणूस नुसता सुखात असला तरी पुरे. एक दिवस जातो, दुसरा जातो, बघू म्हणतो. आणि कायद्याला त्याच्या मनात काय आहे याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतंच, मुलगी कुठे रुजली एवढंच त्याला बघायचं होतं.

रविवारी मारीट एकटीच फोनवर आली, आजी चर्चमधून यायची होती आणि बाबा धक्क्यावर. रेन्स्केनं आधी काय जेवलीस विचारलं. भात आणि ऑक्टोपस, मारीट म्हणाली, आणि सांगता सांगता दोन शब्द पोर्तुगीजमधले वापरून गेली, तिच्या लक्षातही आलं नाही. रेन्स्केच्या आलं. मग ती विचारत गेली. शाळेत कुणाशेजारी बसतेस, बाई रागावतात का, रात्री स्वप्न पडलं तर कोणत्या भाषेत पडतं, इथली खोली आठवते का, कुठे जास्त आवडतं. एकामागून एक, मऊ आवाजात. मग मारीट म्हणाली, "आई, तुम्ही दोघं सारखंच का विचारता?" दोघं म्हणजे कोण गं, तिनं विचारलं. "तू आणि बाबा. बाबानं परवा हेच विचारलं, कुठे आवडतं, स्वप्न कसलं पडतं. मी म्हटलं, दोन्हीकडे. तर तो म्हणाला, नीट विचार करून सांग." आणि मग तिनं मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगितलं, तीन काळी आणि एक भुरं. रेन्स्केनं त्या चारही पिल्लांची नावं ऐकून घेतली, छान आहेत म्हणाली, फोन ठेवला, आणि विलेमाइनचा नंबर शोधला.

विलेमाइन ही तिची जुनी मैत्रीण, दोघी पूर्वी एकाच नोटरीच्या कचेरीत कारकुनी करत होत्या. विलेमाइन आधी शिकून वकील झाली आणि तिच्याकडे बघून रेन्स्केनं हे शिक्षण अंगावर घेतलं. सोमवारी सकाळी रेन्स्के तिच्या टेबलासमोर बसली तेव्हा विलेमाइननं सगळं ऐकून घेतलं, एकदाही हळहळ केली नाही, आणि कागद ओढला. घटस्फोट वगैरे काही नको, ती म्हणाली, फक्त मुलीचं राहणं हेगला असावं एवढीच मागणी. आज दाखल करते. रेन्स्के म्हणाली, आधी एकदा त्याच्याशी बोलून बघू का? सरळ विचारते, तुझ्या मनात काय आहे. नवरा आहे माझा. विलेमाइननं चष्मा काढला. "आधी शिक्का, मग फोन," ती म्हणाली. "माझ्याकडे रडत येतात त्या सगळ्या बायकांनी उलट केलेलं असतं." आणि समजा त्याच्या मनात काही नसलं तर? तर कागद मागे घे, एक फुलांचा गुच्छ पाठव, माफी माग. पण असलं आणि तो आधी पोचला, तर पुढची वर्षं तू विमानानं पोर्तुगालच्या न्यायालयात खेपा घालशील, दुभाष्याच्या तोंडून आपल्या लेकीबद्दल बोलशील, आणि मुलगी दरवर्षी जास्त त्यांची होत जाईल. हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की रेन्स्केला वाटलं, आपण स्वतःच पाठ केलेलं उत्तर ऐकतोय. सही तिनं एका झटक्यात केली, याची तिला नंतर लाज वाटली. विलेमाइननं दावा दाखल करून पोचपावती मागवली आणि तीवर तारखेसोबत वेळही आहे ना, हे बोट ठेवून तपासलं. एकाच दिवशी दोन्हीकडे दावे पडले तर घटका-मिनिटं बघतात, ती म्हणाली, तसं सहसा होत नाही, पण वेळ नोंदलेली असलेली बरी.

बाहेर पडल्यावर रेन्स्केला हलकं वाटायला हवं होतं. तिनं बाजारात उभं राहून कांदा लावलेला हेरिंग मासा खाल्ला, कित्येक दिवसांनी तिला भूक लागली होती. मुलगी आता सुटली, इथे बांधली गेली, काही झालं तरी निवाडा आपल्या भाषेत, आपल्या गावात होणार, असं ती मनाशी म्हणत होती. पण घास गिळताना तिच्या ध्यानात आलं की भीती गेलेली नाही, नुसती कूस बदलून पुन्हा झोपली आहे. आता तो कागद जाणार. सरकारी पाकीट धक्क्यावर येणार, सासरे कुबडीवर उभे असणार, सासूबाई एप्रनला हात पुसत बाहेर येऊन विचारणार, काय रे ते? आणि दुआर्ते उघडून वाचणार की आपल्या बायकोनं आपल्यावर दावा लावलाय. बदाम पाठवणाऱ्या बायकोनं. त्याच्या मनात खरंच काही नसलं तर? मुलीला आवडतं का, स्वप्न कसलं पडतं, हे बापानं विचारू नये का? परत जायची तयारी करतानाही माणूस विचारेलच की, बाळा तुला जड जाईल का? तिनं अर्धा मासा टाकून दिला. आपण एका भल्या माणसाच्या पाठीत सुरी खुपसली आणि तीही अभ्यास करून, असं तिच्या मनात आलं, आणि ते एकदा आलं ते जाईना. त्याला पाकिटातून कळू द्यायचं नाही, एवढं तरी आपण करू, तिनं ठरवलं. आपणच सांगू. मग तो ओरडेल, शिव्या देईल, रडेल, पण ते दोघांतलं असेल. उद्या सकाळी कागद मागे घेऊ. विलेमाइन वेडी म्हणेल, म्हणू दे.

ती घरी आली, कोट खुंटीला लावला आणि नंबर फिरवणार तोच त्याचाच फोन वाजला. ही त्याच्या फोनची वेळ नव्हती. मागे नेहमीचा ठोकाठोकीचा आवाज नव्हता, सीगल ओरडत नव्हते, तो कुठेतरी बंद खोलीत असावा. कशी आहेस, त्यानं विचारलं, आणि तिनं बरी आहे म्हणून सांगितलं. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. घाबरलेल्या माणसाचा श्वास तिच्या चांगला ओळखीचा होता, गेले कित्येक दिवस ती स्वतःचाच ऐकत होती. हा घाबरलाय, तिच्या मनात आलं, आणि एकदम तिला त्याची माया आली. बिचारा तिकडे एकटा, वडलांचं दुखणं, ओलं लाकूड, आणि इकडे आपण.

"दुआर्ते," ती म्हणाली, "तुला एक सांगायचंय. तू चिडशील, चिड. पण पूर्ण ऐकून घे. मी आज सकाळी इथल्या न्यायालयात दावा लावला. मारीटसाठी. मला भीती वाटली रे, दुसरं काही नाही. मी ते मागे घेते. तू फक्त म्हण, आम्ही येतोय, मी उद्या मागे घेते."

ओरडेल म्हणून तिनं फोन कानापासून जरा दूर धरला. तो ओरडला नाही. त्यानं एक लांब श्वास सोडला, आणि अगदी हळू, ती कार्डं दिव्याशी धरून विचारायचा त्याच आवाजात त्यानं विचारलं, "किती वाजता?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

"रेन्स्के, सांग ना," तो म्हणाला. "किती वाजता? तुमच्या घड्याळानं, की आमच्या?"